नॅशनल पार्कच्या आत गाव असेल तर हत्ती-सिंहांमध्ये शेती कशी करतात?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. आफ्रिकेतल्या नॅशनल पार्कच्या आत खरंच गावं असतात का, असली तर तिथली माणसं शेती कशी वाचवतात, आणि गाडीने जाताना अशा गावात थांबता येतं का. मेळघाट-ताडोबातून गावं बाहेर हलवल्याच्या बातम्या वाचत आलेल्या आपल्यासारख्यांना हे पटकन पटत नाही. पण अशी गावं आहेत, आणि एकेका पार्कात हजारोंनी माणसं राहतात. सगळ्या आफ्रिकेबद्दल एकदम लिहिलं तर काहीच नीट सांगता येणार नाही, म्हणून एकच जागा घेतो: नामिबियाच्या ईशान्य टोकाचं ब्वाब्वाटा नॅशनल पार्क.

नकाशात नामिबियाला उजवीकडे एक लांब शेपूट दिसतं, ती कॅप्रिव्हीची पट्टी. तिच्या पश्चिम भागात पार्क आहे. वर अंगोला, खाली बोत्स्वाना, पश्चिमेला ओकावांगो नदी आणि पूर्वेला क्वांडो. क्षेत्रफळ सुमारे ६,२७४ चौरस किलोमीटर, दक्षिणोत्तर रुंदी जेमतेम ३२ किलोमीटर. मधून बी-८ हा डांबरी महामार्ग जातो आणि ओमेगा, चेट्टोसारख्या वस्त्या बहुतेक त्याच्या आसपास आहेत. लोकसंख्या पाच-सात हजारांच्या घरातली. त्यात बहुसंख्य ख्वे, म्हणजे सान लोकांपैकी एक समाज, आणि बाकी प्रामुख्याने म्बुकुशू शेतकरी.

ही माणसं पार्कात घुसलेली नाहीत, पार्क त्यांच्या अंगावरून गेलं. १९६८ साली हा भाग गेम पार्क म्हणून जाहीर झाला, पुढे, तेव्हा इथे राज्य करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने तळ टाकले आणि ख्वे पुरुषांना वाटाडे नि सैनिक म्हणून घेतलं. ओमेगा हे गाव मुळात लष्करी तळच. १९९० साली नामिबिया स्वतंत्र झाला, सैन्य गेलं, ख्वे आणि कुंग (!Xun) या सान समाजांतले काही हजार जण दक्षिण आफ्रिकेत गेले, बाकीचे इथेच राहिले. २००७ साली ब्वाब्वाटा पार्क जाहीर करताना गावं उठवली नाहीत, जमीन विभागली. माहांगो, बफेलो आणि क्वांडो हे तीन गाभ्याचे भाग फक्त वन्यजीवांसाठी, आणि मधला मोठा पट्टा बहुउपयोगी, म्हणजे वस्ती, शेती, रानमेवा गोळा करणं आणि पर्यटन यांसाठी. पुढचं सगळं या वाटणीवर उभं आहे.

आता शेती. जमीन कालाहारीची वाळू, पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च. पीक कोणतं, तर महांगू, म्हणजे आपली बाजरी! जोडीला मका, ज्वारी, चवळी. बाजरी निसवून दाणे भरू लागले की हत्ती येतात. फेब्रुवारी ते एप्रिल-मे हा धोक्याचा काळ. पिकात शिरणारे बहुतेक प्रौढ नर, एकटे किंवा दोघा-तिघांच्या टोळीने, आणि जवळजवळ नेहमी रात्री. खातात त्याहून तुडवतात जास्त. ब्वाब्वाटा ज्या पाच देशांच्या संयुक्त संवर्धन क्षेत्रात येतं, त्या ‘काझा’मध्ये २०२२च्या हवाई गणनेत सुमारे २,२७,९०० हत्ती निघाले. अंगोला आणि बोत्स्वाना यांच्यामध्ये त्यांची ये-जा या अरुंद पट्टीतूनच होते.

उपाय विचारला की सगळे कुंपणापासून सुरुवात करतात. माझ्या मते तिथेच चुकतं. सगळ्यात मोठा फरक शेत कुठे आहे याने पडतो. हत्ती पाण्याकडे जायच्या ठरलेल्या वाटांनी चालतात, आणि त्या वाटेवर शेत पडलं तर कोणतंही कुंपण दोन हंगाम टिकत नाही. दुसरी गोष्ट, शेतं विखुरलेली नकोत. हिशेब साधा आहे. एकेक हेक्टरची दहा चौकोनी शेतं वेगवेगळी असली तर प्रत्येकाची कड ४०० मीटर, एकूण ४,००० मीटर राखायची. तीच दहा शेतं शेजारी शेजारी, २०० बाय ५०० मीटरच्या एका पट्ट्यात आणली तर कड उरते १,४०० मीटर. राखणदार तेवढेच आणि काम तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. अडचण माणसांची असते. आजोबांनी तोडलेलं, खताने सुधारलेलं शेत सोडून पट्ट्यात यायला कोण तयार होईल? म्हणून ही गोष्ट गावसभेत ठरली तरच होते, बाहेरच्या अधिकाऱ्याने आखून दिलेली होत नाही.

त्यानंतर मिरची. हत्तीच्या सोंडेला तिखट धूर सहन होत नाही. हत्तीचं किंवा गुरांचं शेण घ्यायचं, त्यात सुकी मिरची बियांसकट कुटून मिसळायची, थोडं पाणी घालून विटेच्या आकाराच्या गोवऱ्या थापायच्या आणि खडखडीत वाळवायच्या. शेण जास्त, मिरची कमी, पण धूर नाकाला झोंबलाच पाहिजे. हत्तीच्या शेणात न पचलेला काडीकचरा भरपूर असतो, म्हणून ते धुमसत राहतं. दिवस मावळताना शेताच्या कडेला ठेवून पेटवायच्या, ज्वाला नको, धूर हवा. धूर हत्ती येण्याच्या दिशेला जायला हवा, म्हणून आधी मूठभर वाळू उडवून वारा बघायचा. वारा फिरला की धूर घरात येतो आणि शेत उघडं पडतं. गोवरी ओली राहिली तर विझते. कुटताना तोंडाला फडकं बांधायचं आणि नंतर त्याच हातांनी लहान मुलांना शिवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

मिरचीचीच दुसरी तऱ्हा दोरीची. खांब रोवून शेताभोवती दोन पदरी दोरी ताणायची, मध्ये मध्ये जुन्या कापडाचे तुकडे बांधायचे आणि दोरी-कापडावर वापरलेलं इंजिन ऑइल किंवा ग्रीस आणि मिरचीपूड यांचं मिश्रण चोपडायचं. तेलामुळे मिरची पावसात लगेच धुऊन जात नाही. तरी मोठ्या पावसानंतर, आणि पाऊस नसला तरी दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा चोपडावंच लागतं. योजना बारगळतात त्या इथे. पहिल्या वर्षी संस्था दोरी, तेल, मिरची देते, दुसऱ्या वर्षी तेल संपतं आणि सुकी दोरी नुसती लटकत राहते. हत्तीला ती दोरी तोडायला एक पाऊल पुरतं. म्हणून मिरची गावातच लावावी. हत्ती ते पीक खात नाहीत, शिवाय विकताही येतं.

आणि हे सगळं करूनही राखण चुकत नाही. माळ्यावर बसून जागं राहणं, डबे बडवणं, शेकोट्या पेटत्या ठेवणं. धूर आणि दोरी हत्तीला थोडं रेंगाळायला लावतात, हाकारा घालायला तेवढा वेळ मिळतो, इतकंच त्यांचं काम. एकच युक्ती रोज वापरली की हत्ती तिला सरावतो, म्हणून आलटून पालटून वापरावी. आपल्याकडे दोडामार्ग-तिलारीत हत्तींनी केळी-माडांची नासधूस केल्यावर अशाच उपायांची चर्चा होते, तिथेही हा क्रम लक्षात ठेवावा: आधी जागा, मग राखण, मग साधनं. एक गोष्ट मात्र कुठेही करू नये, ती म्हणजे एकट्याने बॅटरी घेऊन हत्तीच्या मागे धावणं.

गुरं पाळायला पार्कात सरसकट मोकळीक नाही. रानम्हशींकडून गुरांना लाळ-खुरकताची लागण होते, त्यामुळे या भागातलं कच्चं मांस दक्षिणेकडे नेण्यावर कडक निर्बंध आहेत. जिथे गुरं आहेत तिथे रात्रीचा वाडा नीट हवा. सिंह सहसा वाडा फोडत नाही. तो बाहेर फिरतो, गुरं त्याला बघून बिथरतात आणि तीच कुंपण मोडून बाहेर येतात. म्हणून उंची माणसाच्या डोक्यावर हवी आणि भिंत अपारदर्शक हवी: खेटून रोवलेले खांब किंवा जाड ताडपत्री. फाटक सगळ्यात कच्चं असतं, त्यावर जास्त खर्च करावा. तरस खालून उकरतो, बिबट्या वरून उडी मारतो, म्हणून शेळ्यांच्या खुराड्याला छप्परही लागतं.

पाण्याचं सांगायचं तर दोन नद्यांच्या मधल्या भागात कोरड्या दिवसांत वाहतं पाणी नाही, गावं बोअरवेलवर जगतात. हत्तीला जमिनीखालच्या पाइपचाही वास लागतो. नामिबियाच्या वायव्येला टाकीभोवती दगडी भिंत घालतात, पण इथे वाळूच वाळू, दगड आणायचा कुठून? त्यातल्या त्यात चालणारा उपाय म्हणजे हत्तींसाठी वेगळं पाणी गावापासून लांब ठेवणं. नदीकाठी प्रश्न मगरीचा. तिथे पाण्यात खांब रोवून छोटं कुंपण करतात आणि पाणी आतल्या बाजूनेच भरतात.

आता उत्पन्नाची बाजू, कारण बाजरीवर इथे वर्ष निघत नाही. ख्वे कुटुंबांना, विशेषतः बायकांना, रोख पैसा देणारी वनस्पती म्हणजे डेव्हिल्स क्लॉ. फळाला आकड्यांसारखे काटे असतात म्हणून हे नाव. तिचा कंद युरोपात सांधेदुखीच्या औषधांत जातो. काढणीचा हंगाम परवान्यानुसार साधारण मार्च ते ऑक्टोबर. मधोमध सरळ खाली गेलेला मातृकंद असतो, त्याला हात लावायचा नाही. त्याच्यापासून आडवी मुळं जातात, त्यांच्यावर फुगलेले दुय्यम कंद असतात, तेच आणि तेही सगळे नाही, काढायचे. म्हणून बुंध्याशी न खणता थोड्या अंतरावर खणतात. काम झालं की खड्डा बुजवायचा. उघडा राहिला तर मातृकंद वाळतो किंवा जनावर खातं, आणि पुढच्या वेळी तिथे काहीच उगवत नाही. लहान रोपं सोडायची, खणलेल्या जागेला दोन-तीन वर्षं विश्रांती द्यायची. कंद स्वच्छ पाण्यात धुऊन स्टेनलेस स्टीलच्या सुरीने पातळ चकत्या करतात आणि जमिनीपासून उंच बांधलेल्या जाळीवर वाळवतात. चकतीला वाळू लागली, बुरशी आली किंवा ती काळी पडली की खरेदीदार माल परत करतो. कंदात पाणीच जास्त, त्यामुळे वाळल्यावर वजन फार उतरतं. पोतंभर खणून हातात किती थोडं येतं हे बघितलं की त्या चकतीची किंमत कळते.

हे सगळं एका संस्थेमार्फत चालतं: पार्कात राहणाऱ्यांची क्यारामाचान असोसिएशन. परवाने, मालाची खरेदी, गावचे राखणदार आणि पर्यटनाची कामं ती बघते. पार्कातल्या मर्यादित परवानगीच्या ट्रॉफी शिकारीच्या, म्हणजे पैसे भरून येणाऱ्या हौशी शिकाऱ्यांच्या शिकारीच्या, पैशातला वाटाही तिच्याकडे येतो आणि मांस गावांत वाटलं जातं. ख्वे लोकांना स्वतःला मात्र पार्कात शिकार करायला बंदी आहे. ज्यांची ओळखच माग काढण्यातली, त्यांना हे किती लागत असेल! त्यात ख्वे समाजाने स्वतःच्या पारंपरिक प्रमुखाला सरकारी मान्यता मिळावी म्हणून वर्षानुवर्षं मागणी केली आहे. ‘माणूस आणि प्राणी एकत्र सुखाने नांदतात’ असं एका ओळीत लिहिणाऱ्यांनी हे गाळू नये.

थांबता येतं का? हो. ओकावांगोच्या काठावर, पोपा धबधब्याजवळ, स्थानिक लोकांची कॅम्पसाइट आहे. क्वांडोच्या बाजूला कोंगोलाजवळ नाम्ब्वा कॅम्प आहे, पण तिथली वाट खोल वाळूची, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी आणि टायरमधली हवा कमी करून मगच वाळूत उतरायचं. इंधन पश्चिम टोकाच्या दिवुंडूला किंवा पूर्व टोकाच्या कोंगोलाला भरून घ्या, मधल्या सुमारे १९० किलोमीटरमध्ये भरवसा ठेवू नका. तपासणी नाक्यावर कच्चं मांस काढून घेतात, ते सोबत नेऊच नका. हा मलेरियाचा भाग आहे, विशेषतः पावसाळ्यात, म्हणून निघण्याआधी डॉक्टरांकडून गोळ्या घ्या. महामार्ग गुळगुळीत असला तरी अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, हत्ती हेडलाइटमध्ये अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. गावात शिरण्याआधी पहिल्या घरापाशी गाडी थांबवून विचारा, फोटो परवानगीशिवाय नको. मुलांना गोळ्या-बिस्किटं वाटण्यापेक्षा रस्त्याकडेला विकायला ठेवलेली टोपली विकत घ्या, आणि सुटे नामिबियन डॉलर जवळ ठेवा, कारण तिथे कार्ड चालत नाही.