फिलिपिन्सच्या वसाहतविरोधी लढ्यात एखाद्या स्त्रीने प्रत्यक्ष सैन्याचे नेतृत्व केले होते का?

होय, आणि तेही एकाच स्त्रीने नव्हे. 1763 मध्ये पती दिएगो यांच्या हत्येनंतर उत्तर फिलिपिन्सच्या इलोकोस भागातील स्पेनविरोधी उठावाची सूत्रे हाती घेणाऱ्या गाब्रिएला सिलांग यांचे नाव बहुतेकांना ठाऊक असते. परंतु माझ्या मते तितक्याच आदराने तेरेसा मागबानुआ यांचे नाव घेतले पाहिजे. 1868 मध्ये पानाय बेटावरील पोतोतान येथे जन्मलेल्या तेरेसा पेशाने शिक्षिका होत्या. लग्नानंतर शेतीवाडी सांभाळताना त्या घोडेस्वारी आणि नेमबाजीत तरबेज झाल्या. 1898 मध्ये स्पेनविरोधी क्रांतिसेनेत दाखल होण्याची इच्छा त्यांनी आपले काका जनरल पेर्फेक्तो पोब्लादोर यांच्याकडे व्यक्त केली, तेव्हा काकांनी आधी या इच्छेला विरोध केला, पण अखेर एक तुकडी तेरेसांच्या हाती सोपवली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कापिझ प्रांतातील पिलारजवळ आणि नंतर सारा या गावानजीकच्या सापोंग टेकड्यांवर त्यांनी स्पॅनिश सैन्याशी झुंज दिली. पुढे अमेरिकन फौजा पानायवरील इलोइलोत उतरल्यावर त्या त्यांच्याविरुद्धही लढल्या. पास्क्वाल आणि एलियास हे त्यांचे दोन्ही धाकटे भाऊ या संग्रामाच्या काळात मरण पावले. दुसऱ्या महायुद्धात जपानी अंमल आला, तेव्हा उतारवयातील तेरेसांनी मालमत्ता विकून गनिमी सैनिकांना रसद पुरवली. 1947 मध्ये दक्षिणेकडील मिंदानाओ बेटावर त्यांचे निधन झाले.