दाविदाचा पडलेला डेरा

प्रिय रूथ, प्रेमाचा सलाम.

आजीच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, चपला दाराबाहेर काढून, सतरंजीवर बसून, टाळ-पेटीवर भजने म्हणतात आणि त्याच भजनांत सियोन (यरुशलेमची टेकडी) व इस्राएल ही नावे येतात. आपण तर नगर जिल्ह्यातले मराठी लोक, मग इस्राएलच्या आशा आपल्या कशा, असे तू आजीकडून विचारले आहेस. टोरांटोहून फोनवर हे नीट सांगून होणार नाही, म्हणून लिहितो.

इ.स.पू. 586 मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम पाडले, मंदिर जाळले आणि लोकांना बंदिवासात नेले. पांगलेले पुन्हा गोळा होतील आणि पडलेले पुन्हा उभे राहील, हे संदेष्ट्यांचे वचन त्यांच्यासोबत होते. पारसाचा राजा कोरेश याच्या परवानगीने 538 नंतर काही लोक परतले, मंदिरही बांधून झाले; पण इस्राएलचा जुना राजा दावीद याच्या वंशाचे सिंहासन रिकामेच राहिले आणि अंमल परक्यांचाच राहिला. वचनाची बाकी निघतच होती.

त्याच्याही आधी, इ.स.पू. आठव्या शतकात, तकोवा गावचा मेंढपाळ संदेष्टा आमोस याने दाविदाचा पडलेला डेरा, म्हणजे तंबू, देव पुन्हा उभारील असे म्हटले होते. (आपल्या मराठी बायबलात हा आमोस उंबराच्या झाडांची निगा राखतो, त्यामुळे लहानपणी तो मला आपल्याच शिवारातला वाटे.) पुढे इ.स. 49 च्या सुमारास यरुशलेमात प्रेषितांची सभा भरली. परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहूदी नसलेल्यांनी, ख्रिस्ताला मानले तर त्यांनी सुंता करून आधी यहूदी व्हावे काय, असा वाद होता. तेव्हा यरुशलेमातल्या मंडळीचा पुढारी याकोब याने आमोसाचे हेच वचन पुढे केले. डेरा उभा राहतो आहे, तो दगडमातीचा नसून माणसांचा आहे आणि त्यात इतर राष्ट्रांनाही जागा आहे, असा त्याचा अर्थ होता. मूर्तीला वाहिलेले, रक्त आणि गळा दाबून मारलेल्याचे मांस खाऊ नये, जारकर्म करू नये, एवढेच त्यांच्यावर घातले गेले. भाषा किंवा वाद्ये टाकायला कोणी सांगितले नाही. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भजने अभंग-ओवीत रचली, ती माझ्या मते याच सभेच्या निर्णयाला धरून. आजीची सतरंजीही त्यातच येते.

होशेय संदेष्ट्याला आपल्या मुलाचे नाव ‘लो-अम्मी’, म्हणजे ‘माझे लोक नव्हेत’, असे ठेवावे लागले, आणि त्या लोकांनाच पुन्हा ‘माझे लोक’ म्हणण्यात येईल असे वचनही त्याच्याच ग्रंथात आहे. ते इस्राएलविषयी होते; प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिताना ते परराष्ट्रीयांनाही लावले. प्रेषित पेत्र आपल्या पत्राच्या वाचकांना आधी जिवंत धोंड्यांचे आध्यात्मिक घर म्हणतो आणि मग सांगतो, की तुम्ही पूर्वी लोक नव्हता, आता देवाचे लोक आहात. तुझ्या पणजोबांचे घर गावकुसाबाहेर होते, गावाच्या विहिरीवर त्यांना पाणी भरता येत नसे. त्यांना हे वाक्य कोणी समजावून सांगावे लागले नाही.

मात्र मंडळी आली म्हणून यहूदी मोडीत निघाले, असे कोणी तुला सांगितले तर ऐकू नकोस. पौल आपल्याला रानटी जैतुनाची कलम केलेली फांदी म्हणतो, आणि मुळाला तू आधार देत नाहीस, मूळ तुला देते, असे बजावतो. कोकणातले मराठी बोलणारे यहूदी, बेने इस्राएल, 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. परत येण्याच्या वचनात त्यांना भूमीही दिसते, आणि कित्येक ख्रिस्ती लोकांनाही दिसते. मी ते वचन आमोसाच्या डेऱ्यात, याकोबाच्या वाचनाने पाहतो, पण त्यांना हसत नाही.

पणजोबांचे बायबल आजीच्या लोखंडी कपाटात, वरच्या खणात फडक्यात बांधलेले आहे. पेत्राचे पहिले पत्र, दुसरा अध्याय, दहावे वचन तिला काढून दाखवायला सांग. तिथे पेन्सिलची रेघ इतक्या वेळा ओढली आहे, की कागद फाटला आहे.

तुझे पप्पा