तारकर्ली-देवबागला पहिल्यांदाच कयाकिंग करणार आहोत. साध्या चपला चालतील की खास बूट घ्यावे लागतील?

चपला नकोत. पण लगेच बूट विकत घ्यायलाही धावू नका, आधी घरात काय पडलंय ते बघा.

मी कर्लीच्या खाडीत पहिल्यांदा उतरलो तेव्हा माझाही हिशोब तुमच्यासारखाच होता. बसून वल्हं मारायचं, त्यात पायांचं काय काम? रबरी चपला घालून गेलो. दोन तास मजेत गेले. परतेपर्यंत सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती आणि काठापर्यंतची दहा-बारा पावलं चिखलातून चालायची होती. तिसऱ्याच पावलाला उजवी चप्पल चिखलाने गिळली. ती उपसायला वळलो आणि अनवाणी टाच नेमकी कालवं असलेल्या दगडावर टेकली. मागून होडीवाले काका ओरडले, "चपला काढू नकात!" अहो, मी कुठे काढली होती? कालवाच्या शिंपल्याची कड ब्लेडसारखी असते. कापलेलं कळतच नाही, पाणी लाल झालं की कळतं. मग धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि उरलेली सहल हॉटेलच्या व्हरांड्यात.

म्हणजे कयाकमध्ये बसल्यावर पायात काय आहे याने फारसं बिघडत नाही, घोळ होतो तो चढता-उतरताना. तिथे दोन गोष्टी लागतात: टाच आणि बोटं झाकलेली हवीत, आणि चिखलाने ओढलं तरी पायातून सुटता कामा नये. क्रॉक्स याच दुसऱ्या परीक्षेत नापास होतात. बिचारे तरंगतात छान, पण तुमच्याशिवाय.

जुने कॅनव्हासचे किंवा स्पोर्ट्स शूज असतील तर उत्तम. लेस मात्र घट्ट बांधून टोकं आत खोचा. आणि माळ्यावर चार-पाच वर्षं पडलेले असतील तर निघण्यापूर्वी सोल हाताने वाकवून बघा. आपल्या दमट हवेत काही सोल ठेवल्या ठेवल्या कुजतात आणि पाणी लागलं की मगरीसारखा आ वासतात. विकतच घ्यायचे तर अ‍ॅक्वा शूज घ्या, पण मोज्यासारखा पातळ तळ असलेले नकोत. ते वाळूत ठीक, कालवांपुढे काही खरं नाही. दुकानात अंगठ्याने तळ दाबून बघा. खडा टोचेल असं वाटलं तर परत ठेवा. माप चपखल घ्या, भिजल्यावर ते सैल पडतात. जाड निओप्रीनचे (फोमसारख्या रबराचे) बूट थंड पाण्यासाठी असतात, कोकणात त्यात पाय उकडून निघतील.

पट्ट्यांचे सँडल? पर्यटकांना बहुतेक वरून उघडी, वर बसायची कयाक देतात. तिच्यावर मागे पट्टा असलेले सँडल चालून जातात, फक्त पट्ट्याखाली वाळू अडकून कातडी सोलते. पण आत पाय घालून बसायची कयाक मिळाली तर सँडल टाळा. तिच्यात पाय टेकायला आधार असतात, उलटल्यावर पट्टा किंवा बक्कल त्यात अडकलं तर बाहेर निघणं अवघड. कुठलंही पादत्राण असो, काठावरच कयाकमध्ये बसा आणि हात न लावता दोन्ही पाय झटकन बाहेर येतात का ते बघा. जाड सोलचे ट्रेकिंगचे बूट इथेच अडतात.

गमबूट अजिबात नको. पाण्यात पडल्यावर भरलेला गमबूट जड वाटत नाही, पण पाय मारता येत नाहीत आणि परत वर चढताना प्रत्येक पायाबरोबर बादलीभर पाणी उचलावं लागतं.

उद्या कोलाडला कुंडलिका नदीवर जायचं ठरलं तर गणित बदलतं. तिथे भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सोडलेल्या पाण्याला ओढ असते. पडलात तर उताणं होऊन, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि बोटं पाण्यावर ठेवून वाहायचं, उभं राहायला जायचं नाही. पाय दगडांत अडकू शकतो. येणारे दगड आधी तळव्यांवर आदळतात, म्हणून तिथे कडक सोलचे, लेसचे बूटच हवेत.

डिसेंबरातही दुपारचं ऊन पाण्यावरून दुप्पट लागल्यासारखं वाटतं. सँडल घालणार असाल तर पावलांवर सनस्क्रीन लावा, नाहीतर पट्ट्यांची नक्षी महिनाभर मिरवाल. आणि परतल्यावर बूट गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. गाडीच्या डिकीत ओले ठेवलेत तर घाटात सगळ्यांना काचा खाली कराव्या लागतील.