बर्न्स सपर गावच्या पबमध्ये, आणि निम्मी मंडळी शाकाहारी

प्रश्न : ताई, आम्ही स्कॉटलंडमध्ये पर्थजवळच्या छोट्या गावात राहतो. इथल्या पबच्या मालकीणबाईंनी यंदाच्या बर्न्स सपरचं यजमानपण आमच्या मराठी मंडळींना देऊ केलंय. ४० माणसं होतील, निम्मी गावातली, निम्मी आपली. आपल्यात शाकाहारी बरेच, आणि काहीजण दारूला शिवतही नाहीत. बेत कसा ठरवू? आपलं काही म्हटलं तर चालेल का? – एक वाचक, पर्थशायर

उत्तर : तुम्ही आधी जेवणाचं विचारलंत, पण मी आधी कवितेचं सांगते. बर्न्स सपर म्हणजे स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याच्या आठवणीचं जेवण. हा बर्न्स शेतकऱ्याचा मुलगा. २५ जानेवारी १७५९ला एअरजवळच्या ॲलोवे गावात जन्मला आणि १७९६मध्ये, अवघ्या सदतिशीत गेला. १८०१च्या जुलैत, त्याच्या पाचव्या पुण्यतिथीला, नऊजण त्याच्या जन्मघरी जमले, हॅगिस हा इथला मटणाचा पदार्थ जेवले आणि त्याच्या कविता म्हणाले. ते घर तोवर विकलं जाऊन तिथे बिअरचा गुत्ता चालत होता, तेव्हा पबमध्ये करताय म्हणून मनात काही आणू नका. पुढे हा सोहळा जयंतीला होऊ लागला.

म्हणून मेनूच्या आधी हॅगिसवरची कविता म्हणणारा माणूस गाठा. आठ कडवी आहेत, स्कॉट्स बोलीतली. इथल्या शाळांत बर्न्सच्या पाठांतर स्पर्धा होतात, त्यामुळे गावात ती तोंडपाठ असलेलं कुणीतरी भेटेलच. मोबाइलमध्ये बघून वाचायला मात्र देऊ नका. पुढे बॅगपाइपवाला, मागे ताट घेतलेला आचारी, त्यामागे कविता म्हणणारा. सगळे उभे राहून टाळ्यांचा ठेका धरतात. तिसऱ्या कडव्यात सुरी पुसायची ओळ येते, तिथे सुरी पुसायची आणि लगेच हॅगिस चिरायचं. आचाऱ्याला आधीच एक बारीक छेद द्यायला सांगा, नाहीतर आतलं उकळतं सारण अंगावर उडतं. कविता संपली की ग्लास उंचावायचे.

आता हॅगिस. मेंढीचं काळीज, हृदय, फुप्फुस, ओटमील, कांदा, चरबी आणि मिरी, हे सगळं आवरणात भरून शिजवलेलं. इथे एक गोष्ट नीट बघा : बऱ्याच हॅगिसमध्ये चरबी किंवा आवरण गायी-बैलांचं असतं. आपल्यातले मटण खाणारेही ते खाणार नाहीत, तेव्हा ऑर्डर देण्याआधी खाटकाला स्पष्ट विचारा. शाकाहारी हॅगिस ही काही आपल्यासाठी काढलेली पळवाट नाही. मॅकस्वीन या एडिनबरोच्या घराण्याने १९८४मध्ये स्कॉटिश पोएट्री लायब्ररीच्या उद्घाटनासाठी ते बनवलं, म्हणजे तेही कवितेच्याच पंगतीतलं. डाळी, राजमा, ओट्स आणि भाज्या, चवीला उत्तम. दोन्ही हॅगिस एकाच मिरवणुकीत आणा, पण भांडी आणि डाव वेगळे ठेवा. माणशी दीडशे ग्रॅम पुरे. सोबत कुस्करलेला बटाटा आणि स्वीड नावाचा पिवळसर कंद. स्वीडमध्ये लोणी आणि मिरी हात न आखडता घाला. सुरुवातीला सूप, शेवटी क्रॅनाकन : साय, भाजलेले ओट्स, रासबेरी, मध. त्यातली व्हिस्की निम्म्या वाट्यांत घालूच नका. न पिणाऱ्यांच्या हाती आयर्न-ब्रू हे शीतपेय द्या. तेही इथलंच आहे.

जेवणानंतर 'इमॉर्टल मेमरी', म्हणजे बर्न्सवरचं मुख्य भाषण. पंधरा मिनिटं, जास्त नको. जन्म-मृत्यूच्या तारखांची जंत्री करण्यापेक्षा एक कविता घ्यायला सांगा. नांगराखाली उंदराचं बीळ मोडलं, तेव्हा त्याने त्या उंदराची माफी मागितली. या एका कवितेवर सगळी पंधरा मिनिटं द्यावीत. आणि वक्त्याने हेही टाळू नये : १७८६मध्ये हाच कवी जमैकात गुलामांच्या मळ्यावर नोकरीला निघाला होता. किल्मार्नकला छापलेलं त्याचं पुस्तक गाजलं आणि तो गेला नाही. त्याच्यावर प्रेम असेल तर हे लपवायचं कशाला?

बायकांसाठीचा टोस्ट, म्हणजे त्यांच्या नावाने ग्लास उंचावताना केलेलं भाषण, आणि त्यावरचं उत्तर, ही दोन्ही भाषणं देणाऱ्यांनी आधी एकत्र बसून ठरवावीत. नाहीतर पहिलं भाषण पांचट होतं आणि दुसऱ्याला नुसती उणीदुणी काढावी लागतात. वेळ कमी पडला तर मी हीच दोन गाळेन.

आपलं काही म्हटलं तर चालेल, नक्की चालेल. गाण्यांच्या वेळी जात्यावरच्या दोन-तीन ओव्या घ्या. बर्न्सने आयुष्याची शेवटची वर्षं लोकांच्या तोंडची गाणी गोळा करण्यात घातली, त्यामुळे या बैठकीत ओवी परकी नाही. म्हणणारीने आधी दोन वाक्यांत अर्थ सांगावा. सर्वांत शेवटी 'ऑल्ड लँग साइन' हे बर्न्सचं गाणं, सगळ्यांनी हात धरून म्हणायचं. आपली माणसं पहिल्या ओळीपासून हातांची अढी घालतात. ती फक्त शेवटच्या कडव्याला, हे आधी सांगून ठेवा.

गाड्यांचंही बघा. स्कॉटलंडमधली पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, रक्ताच्या १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. न पिणाऱ्यांवर सगळ्यांना घरी सोडायची जबाबदारी आयत्या वेळी टाकू नका, टॅक्सी आधीच सांगून ठेवा.