मॅडम, मी उभी राहिले तर लेकरांचं काय?

मी समुपदेशन करते, आणि सरपंचपदाला उभं राहू का अशा पेचात असलेल्या बायकांकडून हा प्रश्न माझ्याकडे आता वरचेवर येतोय. 2011 पासून आपल्याकडं गावच्या कारभारात बायकांना 50 टक्के आरक्षण आहे, त्यामुळं सरपंचपदाची सोडत महिलेसाठी निघाली की मराठवाड्यात गावोगाव शिकलेल्या बाईचा शोध सुरू होतो, आणि गावात एखादी शिक्षिका असली की सगळ्यांची नजर तिच्यावरच. तिची मात्र झोप उडालेली असते. अशाच एका ताईंची गोष्ट सांगते, त्यांना विचारूनच सांगतेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

लातूर जिल्ह्यातलं गाव. ताई तालुक्याच्या विनाअनुदानित शाळेत शिकवायच्या, रोज स्कूटीवर जाणं-येणं. मुलगा अकरावीला, लातूरला रूम करून नीटची तयारी करणारा, मुलगी सहावीत गावातल्याच शाळेत. 2022 च्या डिसेंबरात ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या, सरपंच परत थेट जनतेतून निवडायचा कायदा त्याच वर्षी आला होता, आणि गावातली चार मंडळी त्यांच्या घरी आली. ताई म्हणाल्या, "मॅडम, मी चहा घेऊन बाहेर आले तर ह्यांना म्हणत होते, मिसेसला उभं करा. मला कुणी विचारलंच नाही." हे सांगताना रडल्या. पण लगेच पुढं म्हणाल्या, "आणि खरं सांगू का, मला करायचंय. गावातल्या शाळेसमोरचं गटार मी इतकी वर्षं बघतेय. पण मी बाहेर पडले अन् पोराचं वर्ष गेलं तर सगळे मलाच म्हणणार ना?"

अशा वेळी घरचे, मैत्रिणी म्हणतात काही होत नाही गं, हो पुढं. मला ते पटत नाही. लेकरांचं काय ही काळजी खरी आहे, ती हसण्यावारी नेली की बाई आतल्या आत कुढत बसते. मी ताईंना त्यांचा एक दिवस सांगायला लावला, पहाटे पाचपासून, काही न गाळता. पाणी कधी सुटतं, डबे किती, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या कोण देतं, पोराला फोन कोण करतं, मुलीचा अभ्यास कोण घेतं, वह्या कधी तपासता. सांगता सांगता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ह्यांच्याकडं यातलं फक्त दूध आणणं आहे. मग आमची चर्चाच बदलली, कारण त्या आई म्हणून कमी पडतील का हे बाजूला राहिलं आणि ही कामं कोण उचलणार ते समोर आलं.

पुढच्या वेळी मी त्यांच्या मालकांना बोलावलं. भला माणूस, पण त्यांच्या डोक्यात असं की नाव बायकोचं आणि कारभार आपण बघू, गावोगाव असे सरपंच पती दिसतात त्यामुळं त्यांना त्यात काही वावगं वाटतच नव्हतं. त्यांना शांतपणे सांगितलं की सभेची अध्यक्ष त्याच असणार, ग्रामपंचायतीच्या खात्यावर सही सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची चालते, उद्या काही निघालं तर जबाबदारी सही करणारीवर येते, तुमच्यावर नाही. ते गप्प झाले. ताई म्हणाल्या, "शाळेत मी न वाचता मस्टरवरसुद्धा सही करत नाही, कोऱ्या चेकवर तर करणारच नाही." मला वाटतं त्या दिवशी त्या खऱ्या उमेदवार झाल्या. सकाळचे डबे मालकांनी घ्यायचे, गोळ्यांचं पण त्यांनीच बघायचं असं तिथंच ठरलं. मुलीला विचारलं तुला काय वाटतं, तर ती म्हणाली, "मम्मी, तू सरपंच झालीस तर आमच्या शाळेच्या बाथरूमला कडी बसवशील का?" पोरी दिवसभर पाणी पीत नव्हत्या म्हणे, आणि हे आईला, तेही शिक्षिका असलेल्या आईला, तेव्हा कळलं!

निवडून आल्या. 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी त्यांनी महिला सभा घेतली, कायद्यानं ती घ्यायचीच असते पण बऱ्याच ठिकाणी कागदावरच होते. बायका आधी भिंतीला टेकून गप्प, मग वर्गात करतात तसं ताईंनी एकेकीला नावानं हाक मारून विचारलं आणि पाणी, गटार, कडी सगळं बाहेर आलं. केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या 15व्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के वाटा तेव्हा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होता, त्यामुळं शाळेचं बाथरूम गावाच्या विकास आराखड्यात बसवायला कुणाला नाही म्हणता आलं नाही.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. पोराचे टेस्टचे मार्क घसरले आणि जाऊबाई म्हणाल्या, आई गावभर फिरल्यावर असंच होणार. ताई परत माझ्याकडं, चेहरा उतरलेला. मी म्हटलं, पोराला विचारलंत का? नव्हतं विचारलं. विचारल्यावर कळलं की त्याला फिजिक्सचं मागचं काहीच कळत नव्हतं आणि रूमवरची पोरं रात्रभर गोंधळ घालायची. रूम बदलली. अपराधी वाटायला लागलं की आई लेकराशी बोलायचं सोडून स्वतःशीच भांडत बसते, हे मी खूप घरांत बघितलंय. गावच्या व्हॉट्सअप ग्रुपवर घाणेरडं पण लिहिलं गेलं, त्यावर ठरवलं की उत्तर द्यायचं नाही, स्क्रीनशॉट जपून ठेवायचे आणि हद्द झाली की तक्रार. शाळा त्यांनी अर्धवेळ केली, पगार घटला. सरपंचाचं मानधन तेव्हा गावाच्या लोकसंख्येप्रमाणं 3000 ते 5000, 2024 ला दुप्पट झालं तरी घर त्यावर चालत नाही, म्हणून पैशाचं आधीच बोलून घ्या.

तुमच्या मनात असेल तर अजून दोन गोष्टी बघून घ्या. झेडपीच्या शिक्षिकेला नोकरीत राहून निवडणूक लढवता येत नाही, राजीनामा द्यावा लागतो, तेव्हा भावनेच्या भरात काही करू नका, पेन्शनचा हिशोब करा. आणि तिसरं मूल 12 सप्टेंबर 2001 नंतरचं असेल तर अपात्र ठरता. बाकी घरातल्या कामाची वाटणी फॉर्म भरायच्या आधी करायची, निवडून आल्यावर कुणाला वेळ नसतो. नवरा बोलायला तयार नसेल तर सासूबाईंना घेऊन या, दिराला घेऊन या, पण एकट्याच ठरवून एकट्याच ओढत बसू नका.