ठेव मोडावी की सात महिने थांबावं?

तुम्ही लिहिता की पत्नीच्या उजव्या कोरोनरी धमनीतून (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या नळीतून) रक्त आडवाटेने थेट हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात जातंय. जिना चढताना धाप लागते, स्ट्रेस टेस्टमध्येही रक्तपुरवठा कमी पडताना दिसला. डॉक्टर कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीने, ही वाट बंद करायला सांगतात आणि तुमची मुदत ठेव पिकायला सात महिने आहेत. मग थांबावं का?

व्याजासाठी तर अजिबात नाही. ही आडवाट, म्हणजे फिस्टुला, लहान असता, त्रास काहीच नसता, तर तो बंद न करता दर तीन ते पाच वर्षांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून नजर ठेवतात. तुमच्याकडे तसं नाही. ठेव आधी मोडली तर सहसा व्याजाचा थोडा हिस्सा जातो, मुद्दल राहतं. मोडायची नसेल तर ठेवीवर कर्ज मिळतं का विचारा. सात महिन्यांसाठी तेच बरं पडेल.

मला काळजी वाटते ती उपचाराच्या अंदाजपत्रकातल्या एका ओळीची : ‘उपकरणे – प्रत्यक्ष वापरानुसार’. खरा खर्च तिथेच दडलाय. ही वाट कॉइल म्हणजे बारीक तारेच्या वेटोळ्यांनी बुजवतात, नाहीतर प्लगने; कधी कव्हर्ड स्टेंट, म्हणजे आवरण असलेली जाळीची नळी, लागतो. काय आणि किती, हे वाटेच्या रुंदी-वळणांवर ठरतं, कधी कधी तर टेबलावरच. म्हणून एका कॉइलचा दर, प्लगचा दर आणि कॅथेटरने जमलं नाही तर ओपन सर्जरीचा खर्च, असे तीन आकडे वेगवेगळे लिहून घ्या.

‘छाती उघडून एकदाचं संपवा’ हे मेहुण्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही; मोठ्या, वेड्यावाकड्या किंवा अनेक तोंडांच्या फिस्टुलाला सर्जरी सरस ठरते. पण त्यात पत्नीचा कित्येक आठवड्यांचा पगार बुडेल, तो मेहुण्यांनी धरलेला दिसत नाही.

हा दोष बहुधा जन्मजात असतो आणि विम्याचे दावे नेमके याच शब्दावर अडतात. जन्मजात आजाराचं कलम आणि इम्प्लांटची (शरीरात बसवायच्या उपकरणांच्या खर्चाची) मर्यादा, दोन्हींबद्दल कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. पॉलिसी आत्ता बदलू नका. नंतरच्या गोळ्या आणि तपासण्यांसाठीही वर्षभराची रक्कम बाजूला काढा, कारण बुजवलेली वाट क्वचित पुन्हा उघडते.

विम्याच्या उत्तरासाठी ठेव मोडणं दोन-चार दिवस लांबलं तरी चालेल. डॉक्टरांकडून तारीख मात्र आजच घ्या.