माल्व्हर्नमधील व्हिक्टोरियन घर घेण्यापूर्वी

स. न. वि. वि.

पुढील वर्षी नोकरीनिमित्त आपण सहकुटुंब इंग्लंडला येत आहात. ग्रेट माल्व्हर्न येथील एक जुने व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातील, घर आपणांस आवडले असून, नाशिकहूनच व्यवहार पक्का करावा का, असे आपण विचारले आहे. माझे मत विचाराल तर एक हिवाळा भाड्याच्या घरात काढावा आणि मगच खरेदीचे बोलावे.

१८४२ मध्ये डॉ. विल्सन आणि डॉ. गली यांनी या गावात जलोपचार सुरू केले, पुढे रेल्वे आली आणि त्या भरभराटीच्या काळात टेकडीच्या उतारावर अशी प्रशस्त घरे उभी राहिली. आपले घर ‘ग्रेड टू’ यादीत, म्हणजे कायद्याने जतन केलेल्या वारसा इमारतींच्या यादीत असेल, तर त्याच्या मूळ स्वरूपाला बाधा आणणारे काम, मग ते आतल्या जिन्याचे का असेना, कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, परवानगीशिवाय करणे हा गुन्हा ठरतो. या परवानगीच्या अर्जाला शुल्क नाही, वेळ मात्र लागतो. यादीला घाबरण्याचे कारण नाही. धास्ती घ्यावी ती आधीच्या मालकांनी गुपचूप उरकलेल्या कामांची. त्यांनी उखडलेली खिडकी पूर्ववत करण्याचा आदेश आजच्या मालकावर निघू शकतो आणि त्याला कालमर्यादा नाही. म्हणून जुन्या परवानग्यांचे कागद सॉलिसिटरमार्फत, म्हणजे खरेदीचे काम पाहणाऱ्या वकिलामार्फत, आधीच मागवावेत.

या काळातील भिंती बहुधा भरीव आणि चुन्यात बांधलेल्या असतात, आपल्याकडच्या वाड्यांसारख्या. चुना ओल बाहेर जाऊ देतो. नंतर कोणी विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, सिमेंटने भरल्या असतील तर ओल विटेतच अडकते, कडाक्याच्या थंडीत गोठते आणि विटेचा दर्शनी भाग पापुद्रे सुटावेत तसा निखळतो. छायाचित्रांत हे दिसत नाही, ताज्या रंगाखाली तर मुळीच नाही. त्यासाठी चार्टर्ड सर्व्हेअरकडून (इमारतींची तपासणी करणाऱ्या अधिकृत तज्ज्ञाकडून) ‘लेव्हल थ्री’, म्हणजे सर्वांत सविस्तर, पाहणी करून घ्यावी आणि तो चुन्याच्या बांधकामाचा जाणकार आहे ना, हे आधी विचारावे. वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांची चिंता नको. त्या चौकटीच्या पोकळीत दोरीने टांगलेल्या लोखंडी वजनांवर तोललेल्या असतात आणि दोरी बदलणे हे जाणत्या सुताराचे नेहमीचे काम आहे.

आता पैशाचे. खरेदीच्या आधीच्या वर्षात १८३ दिवस ब्रिटनमध्ये वास्तव्य नसल्यास स्टॅम्प ड्यूटीवर २ टक्के अधिभार लागतो. नाशिकचा फ्लॅट आपल्या नावावर राहणार असेल, तर जगात कुठेही असलेले दुसरे घर धरले जात असल्याने आणखी ५ टक्के लागू शकतात. दोन्ही अधिभार पूर्ण किमतीवर असतात. शिवाय घर नावावर झाल्याने व्हिसा मिळत नाही किंवा वाढतही नाही, हे घरातील सर्वांना आधीच सांगून ठेवावे.

एजंट घाई करील. इंग्लंडमध्ये दोन्ही पक्षांनी सह्या केलेल्या करारांची देवाणघेवाण होईपर्यंत तोंडी मान्य झालेला भाव सहसा कोणावरच बंधनकारक नसतो. विक्रेता दुसऱ्याकडे वळू शकतो, तसे पाहणीचा अहवाल वाचून आपणही भाव कमी करून मागू शकता.